‘स्टाफ’ला ओव्हरटाइम नसतो

चाकण-भोसरी पट्ट्यात बारा वर्षे प्रोडक्शन आणि प्रोसेस इंजिनीअर म्हणून काम करतोय. गेल्या महिन्यात एका हाउसिंगचा (यंत्राच्या बाहेरच्या कवचाचा) सायकल टाइम, म्हणजे एक नग बनायला लागणारा वेळ, 52 सेकंदांवरून 47 वर आणला. नग घट्ट धरणारे फिक्स्चर बदलले, टूलची हवेतली रिकामी धाव कमी केली. पाच सेकंद किरकोळ वाटतील, पण मशीन 21 तास चालले तर दिवसाला दीडशे नग जास्त निघतात. बदल्यात कौतुकाचा ईमेल आला, आणि अर्थातच वाढीव टार्गेट!

कारखाने कायद्याने 1948 मध्येच कामगाराला जादा तासांचे दुप्पट वेतन दिले. आमच्या गळ्यात मात्र ‘स्टाफ’चे कार्ड. तिसऱ्या शिफ्टला थांबा नाहीतर रविवारी मेंटेनन्सला या, हिशेब कुणी ठेवत नाही. नव्या पोरांचे तर विचारूच नका. 2019च्या नियमांत पदवीधर अप्रेंटिसचे किमान विद्यावेतन महिन्याला 9 हजार ठरले. चाकणमध्ये खोलीभाडे आणि मेस भागवून त्यातले काय उरणार?

पुढे पगार वाढतो तो मॅनेजर झाल्यावरच. म्हणजे ज्याला मशीनच्या आवाजावरून इन्सर्ट (टूलचे कापणारे टोक) गेल्याचे कळते, त्याला मीटिंगांत बसवायचे. प्रोसेसमध्येच मुरलेल्या माणसाला मॅनेजरच्या तोडीची ग्रेड द्यायला काय हरकत आहे? माझ्या हाताखालचा हुशार मुलगा दिवाळीनंतर हिंजवडीला आयटीत गेला. त्याची जागा अजून रिकामीच आहे. त्याचे कंट्रोल प्लॅन (दर्जा कसा तपासायचा याचे तक्ते) सध्या मीच बघतो, अर्थात शिफ्ट संपल्यावर.

– एक इंजिनीअर, भोसरी