काढलेली गाठ तपासणीला गेलीच पाहिजे

मा. संपादक,

तळपायावरची लालसर, ओलसर, जरा धक्का लागला तरी रक्त येणारी गाठ कुरूप किंवा चामखीळ समजून जाळून टाकण्याची, नाहीतर कापून टाकून देण्याची पद्धत अजून पुरती थांबलेली नाही. अशी गाठ क्वचित पोरोमाची, म्हणजे घामाच्या ग्रंथीच्या नळीपासून उद्भवलेली निघते. त्वचारोगतज्ज्ञ पिंकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली तिचे वर्णन केले. गाठीभोवती खंदकासारखी खाच दिसली, तर शंका घ्यायला जागा असते. मात्र खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. पोरोमा पूर्ण काढला की प्रश्न सहसा मिटतो. परंतु वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेल्या गाठीतून कधीकधी पोरोकार्सिनोमा हा कर्करोग उद्भवतो आणि तो जांघेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचू शकतो. जाळून टाकलेली गाठ यांपैकी कोणती होती, हे नंतर कोणीच सांगू शकत नाही.

तुकडा पाठवला म्हणजे काम झाले, असेही नाही. वरच्या ओठाजवळ होणाऱ्या मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा वरवर खरवडून घेतलेला तुकडा डोळ्यांखाली येणाऱ्या साध्या सिरिंगोमासारखा, म्हणजे घामाच्या नळीच्या निरुपद्रवी गाठीसारखा दिसू शकतो. मज्जातंतूंभोवती पसरलेल्या पेशी खालच्या थरात असतात आणि नेमका तोच थर तुकड्यात आलेला नसतो. म्हणून चरबीच्या थरापर्यंत पोहोचणारी बायोप्सी हवी.

सोबतच्या अर्जावर नुसते ‘त्वचेची गाठ’ असे लिहून येते, तेव्हा आम्हा पॅथॉलॉजिस्टांचे हात बांधले जातात (अक्षर लागले तरी नशीब म्हणायचे!). रुग्णाचे वय, नेमकी जागा, गाठ किती दिवसांची आणि पूर्वी स्तनाचा किंवा आतड्याचा कर्करोग झाला होता का, एवढे तरी लिहावे. तिथून त्वचेत पसरलेला कर्करोग घामाच्या ग्रंथीतच उद्भवलेल्या मूळ कर्करोगासारखा हुबेहूब दिसू शकतो. पी६३ या प्रथिनाची तपासणी त्यांतला फरक ओळखायला बरीच मदत करते, पण ती पूर्वेतिहासाची जागा घेऊ शकत नाही.

गाठ कितीही लहान असो, ती फॉर्मॅलिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात) घालून तपासणीला पाठवावी, आणि रुग्णांनीही अहवाल आग्रहाने मागून घ्यावा. गाठ पुन्हा उद्भवल्यास जुना पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवून जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड नव्या डॉक्टरांना अवश्य दाखवाव्यात.

– एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, मिरज