सोन्याचा भाव छापता, तसं भरतीचं टायमिंगही छापा

संपादक महोदय,

स.न.वि.वि. तुमच्या रविवारच्या पुरवणीत हर्णे बंदराचे फोटो बघूनच आम्ही डिसेंबरमध्ये दापोलीला गेलो होतो, त्यामुळे पुढे जे झालं त्यात थोडा वाटा तुमचाही आहे असं समजून हे पत्र वाचा.

आम्ही आठ जण, दोन गाड्या, सासूबाईंसकट. दापोलीहून हर्णे पंधरा-सोळा किलोमीटर. चार वाजता पोचलो तर समोर सुवर्णदुर्ग, खोल पाण्यात बोटी नांगरलेल्या, तिथून होड्यांनी मासळी यायची आणि मग बैलगाड्या चक्क पाण्यात शिरून ती काठावर आणायच्या. बैलांच्या पोटाला पाणी लागतंय तरी ढिम्म उभे! वाळूवरच पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग आणि ढिगाभोवती लिलाव. बोली इतकी भराभर चालते की मला फक्त शेवटचा आकडा कळायचा, सासूबाईंना मात्र सगळं कळत होतं आणि त्या भाव ऐकून हळहळत होत्या, कारण लॉजवर शिजवायची सोय नव्हती. मुलाला शाळेत आंग्रे झालेत, त्यामुळे 1755 साली पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी करून हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला हे सांगताना तो "आपल्याच माणसाकडून?" असं दोनदा विचारत होता. मी विषय बदलला.

तर मुद्दा. आमच्या भावोजींनी गाडी वाळूत घातली. चांगली घट्ट ओली वाळू होती, आधीच तीन-चार गाड्या उभ्या होत्या, म्हणून कुणाला काही वाटलंच नाही. दोन तासांनी परत आलो तर बाकीच्या गाड्या गेलेल्या आणि लाटा आमच्या मागच्या चाकाशी. भावोजींनी जोरात रेस केली आणि चाक आणखी खाली गेलं. अंधार पडत चाललेला, बहीण रडायच्या बेतात, आम्ही सगळे ढकलतोय आणि गाडी हलेना.

शेवटी एक बैलगाडीवाले काका आले. आधी पाण्याकडे बघितलं, मग भावोजींकडे. म्हणाले, "आज तिथी काय?" आमच्यापैकी एकालाही सांगता येईना, सासूबाई सोडून. त्या म्हणाल्या त्रयोदशी. "मग तेराची पाऊणपट करा की," काका म्हणाले. पावणेदहा! म्हणजे रात्री पावणेदहाला पूर्ण भरती, त्याच्या सहा तास आधी, आम्ही आलो तेव्हा, ओहोटी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे, आणि दिवसातून दोनदा. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. त्यात पौर्णिमा जवळ आली म्हणजे उधाण, पाणी जास्त वर चढणार. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा एवढं चढत नाही. हे सगळं ते दोर बांधता बांधता सांगत होते. गाडीचा हुक डिकीत, डिकी आंबापोळी आणि कोकमाच्या पिशव्यांनी भरलेली, तो शोधण्यातच दहा मिनिटं गेली. मग बैल जुंपले, आम्ही मागून जोर लावला, आणि गाडी निघाली एकदाची. काकांनी पाचशे घेतले, आणि बरोबरच घेतले, आमच्या नादात त्यांची मासळीची एक फेरी चुकली होती. लिलावाच्या जागेत गाड्या घुसवून आम्ही त्यांची वाट अडवली ती वेगळीच.

आता तुम्ही म्हणाल मोबाईलवर सगळं मिळतं. मिळतं हो, पण भरती बघायची असते हेच घाटावरच्या माणसाच्या डोक्यात येत नाही तर तो शोधणार काय? तुम्ही रोज सोन्याचा भाव छापता, राशिभविष्य छापता, सिनेमाचे शो छापता. शुक्रवार-शनिवारच्या अंकात हवामानाखाली दोन ओळी जास्त छापा, अलिबाग, हर्णे, रत्नागिरी, मालवण, भरती किती वाजता आणि ओहोटी किती वाजता. आणि पुरवणीत बंदराचे फोटो टाकाल तेव्हा गाडी वरच रस्त्याला लावा एवढं तरी लिहा.

आपली,
एक वाचक, चिंचवड

ता.क. गाडी दोनदा धुतली, तरी सीटखालून अजून वाळू निघते. भावोजी हे पत्र वाचणार आहेत, तेव्हा छापलंत तर "रेस केली" हे वाक्य काढू नका.