लग्नपत्रिकेच्या पाठीवरच्या १८० रेघा

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार.

नाव छापायचं नाही, पत्ता तर मुळीच नाही, ही तुमची अट मी पाळते आहे. "नाहीतर गावभरचे मोडके रेडिओ जिन्यात येऊन बसतील," असं म्हणाला होतात. तुमची नात हे मोबाइलवर वाचून दाखवेल तेव्हा मध्येच थांबवून चुका काढालच, तरी आभार मानायचे राहिले होते ते राहू नयेत.

आधी खरेदीचं सांगते, कारण या सगळ्या प्रकरणात तुम्ही मला शाबासकी दिलीत ती तेवढ्याच एका गोष्टीसाठी. रविवारी जुन्या बाजारात दोन इस्त्र्या आणि एक पितळी बंब यांच्या खाली ते रेकॉर्ड वाजवायचं यंत्र दबलेलं होतं. धुळीतून 'गॅरार्ड' एवढं वाचता आलं. मी हात लावल्याबरोबर तीन हजार झाले. मी बाराशे म्हणाले, पाठ फिरवली, परत आले आणि १८०० ला पटलं. "चालू आहे मॅडम, नुसती वायर जोडायची." घरी वायर जोडली. मोटार गुणगुणली, थाळी जागची हलली नाही.

पुढचे दोन महिने मी पैसे घालवत होते. एका दुकानात मोटार जळाल्याचं सांगून सहा हजारांचा आकडा दिला. दरम्यान इंटरनेटवर वाचून मी २२०० रुपयांचा फोनो प्रीअँप, म्हणजे सुईकडून येणारा बारीक आवाज मोठा करणारा डबा, मागवून बसले होते, म्हणजे यंत्रापेक्षा महाग. शेवटी आईची पेटी सुरात लावायला येतात त्यांनी तुमचं नाव सांगितलं.

तुम्ही यंत्र उघडलं नाहीत. मला उघडायला लावलंत. "माझे हात थरथरतात, तुझे वापरू." मोटारीचा दांडा बोटांनी फिरवून बघ म्हणालात. तो जड, पण फिरत होता. "मोटारीला काहीही झालेलं नाही. आतल्या तेलाचा डिंक झालाय." सहा हजारांचं दुखणं स्पिरिट आणि शिलाई मशीनच्या तेलाच्या दोन थेंबांवर आलं. रेकॉर्ड संपल्यावर सुईचा दांडा आपोआप जागेवर येण्यासाठी थाळीखाली एक दातेरी चाक असतं. त्यावरचं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालं होतं. ते मी काडीने खरवडत बसले आणि तुम्ही शेजारी चहा पीत गॅरार्डची गोष्ट सांगितलीत: इंग्लंडच्या राजघराण्याचे जवाहिरे, त्यांनी १९१५ साली ही इंजिनिअरिंग कंपनी काढली, आणि हे आमचं एसपी २५ मॉडेल त्यांच्या स्विंडनच्या कारखान्यातलं. "जवाहिऱ्यांचं काम आहे, स्क्रू पिळू नकोस."

यात पट्टा नसतो हे मला तुमच्याकडे कळलं. मोटारीचा दांडा आणि थाळीची कड यांच्या मध्ये एक रबरी चाक असतं, तेच थाळी फिरवतं. यंत्र नीट बंद केलं की ते चाक बाजूला होतं. आधीच्या मालकांपैकी कोणीतरी मात्र भिंतीवरच्या बटणाने बंद केलं असावं. चाक वर्षानुवर्षं दाबून राहिलं आणि त्याला एका जागी चपटा भाग आला. त्यामुळे थाळीखालून ठक, ठक. मी लगेच नवं चाक शोधायला निघाले होते. तुम्ही बोहरी आळीतून बारीक पॉलिश पेपर आणायला सांगितलात आणि चाक फिरवत फिरवत अर्धा तास घासायला लावलंत. ठकठक गेली. पूर्ण नाही, पण कान लावल्याशिवाय ऐकू येत नाही.

प्रीअँपचं तर हसूच झालं. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो दांड्याच्या टोकाचा भाग, सिरॅमिकची निघाली. तिचा आवाज मुळातच मोठा असतो, ती अँप्लिफायरच्या साध्या ऑक्स खाचेत जोडायची. माझ्या २२०० रुपयांनी फक्त आवाज फाटत होता. क्रिस्टलची असती तर एव्हाना पुण्याच्या पावसाळ्यांनी खाल्ली असती, असंही म्हणालात. तो डबा अजून कपाटात आहे, कोणाला हवा असेल तर सांगा.

आता त्या चुकीबद्दल. स्पिरिटने सगळं कसं लख्ख होतं हे पाहून मी आजोबांची ७८ ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी) एक तबकडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. कापूस काळाकुट्ट झाला तेव्हा मला वाटलं, केवढी ही धूळ! तुम्ही तबकडी उजेडाकडे तिरकी धरलीत. बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "लाख आहे ती. सुतार पॉलिशसाठी लाख कशात विरघळवतो?" ओरडला असतात तर बरं झालं असतं. नंतरच्या एलपी रेकॉर्डी प्लॅस्टिकच्या आणि ७८ लाखेच्या, इतकी साधी गोष्ट. उरलेल्या अकरा तबकड्या आता कोरड्या मऊ ब्रशनेच झाडते. त्यांच्यासाठी सुई पलटून जाड बाजूला घ्यायची, हेही लक्षात आहे.

आणि ती संध्याकाळ. यंत्र चालू झालं, पण आई पेटीवर बोट ठेवून म्हणत होती की गाणारे ना पांढरी एकमध्ये बसतायत ना काळी एकमध्ये. फोनवर तुम्ही म्हणालात, वेग सहा टक्के पडला की सूर अख्खी एक पट्टी उतरतो, पण पेटीवर विश्वास ठेवू नका, रेघा बघू. मग खणातून थाळीवर ठेवायचा तो गोल पुठ्ठा निघाला, जुन्या लग्नपत्रिकेचा. कंपासपेटीतला कोनमापक घेऊन दर दोन अंशांवर एक, अशा १८० रेघा तुम्ही कधीकाळी हाताने ओढलेल्या. मागे छापलेलं, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!'

तुमच्या घरात सगळीकडे एलईडी, त्यात रेघा नीट दिसेनात. चोकवाली जुनी ट्यूब उरली होती फक्त जिन्यात. म्हणून आपण यंत्र पायरीवर नेलं, एक्स्टेन्शन ओढली, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण थांबू लागला. तुम्ही त्या सगळ्यांना हिशेब सांगितलात: आपली वीज सेकंदाला ५० सायकलची, प्रत्येक सायकलला ट्यूब दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, मिनिटाला ६०००. त्याला एलपीच्या मिनिटाच्या फेऱ्यांनी, म्हणजे ३३⅓ ने भागा. १८०. वेग बरोबर असेल तर दर लुकलुकीला पुढची रेघ आधीच्या जागी येते आणि रेघा उभ्या राहिल्यासारख्या दिसतात.

आमच्या रेघा मागे मागे सरकत होत्या, म्हणजे वेग कमी.

"तेल किती घातलंस?" तुम्ही विचारलंत. दोन थेंब सांगितले होते, मी घरी आणखी चार घातले होते. ते मोटारीच्या दांड्यावर उतरून रबरी चाक घसरत होतं. पुसलं. पुन्हा थाळी ठेवली, पुन्हा पुठ्ठा ठेवला, आणि त्या १८० रेघा फिरता फिरता जागच्या जागी थांबल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मात्र यंत्राकडे नाही, ट्यूबकडे बघत होतात.

पैशांचं पाकीट तुम्ही दोनदा परत केलंत, तिसऱ्यांदा विचारत नाही. पण नात सांगत होती की तुमच्या सोसायटीने जिन्यातली ट्यूब काढून तिथेही एलईडी लावायचं ठरवलंय. आमच्या स्वयंपाकघरातली चोकवाली ट्यूब मी नुकतीच उतरवली, भंगारात दिलेली नाही. येत्या रविवारी घेऊन येते, तुमच्या टेबलावर लावू. स्टुलावर मी चढेन. तुम्ही नुसतं धरा.

तुमची,
जास्त तेल घालणारी