तिकिटाबाहेरचा खर्चही छापा

फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डच्या सहलीवरचा लेख (रविवार पुरवणी) वाचला. त्यात तिकिटाच्या वाढत्या दराची चर्चा आहे, पण माझा आक्षेप वेगळा आहे. महागाईने तिकीट वाढले, तर समजू शकते. पूर्वी तिकिटातच मिळणारी सोय काढून घ्यायची आणि तीच पुन्हा विकायची, हे पटत नाही. लांब रांग टाळण्याची ‘फास्टपास’ सोय १९९९ पासून तिकीटधारकांना फुकट होती. २०२१ मध्ये ती गेली आणि तिच्या जागी माणशी दिवसाला १५ डॉलरचे शुल्क आले. रांग टाळण्यासाठीच २०२४ मध्ये आलेल्या ‘प्रीमियर पास’चा दर तर गर्दीच्या दिवसांत ४४९ डॉलरपर्यंत गेला, तोही प्रवेशाचे तिकीट सोडून! रिसॉर्टमध्ये उतरणाऱ्यांसाठीची विमानतळावरची मोफत बसही २०२२ च्या सुरुवातीला थांबली. अमेरिकेत मुलांकडे जाणारे आपले आजी-आजोबा नातवंडांना मोठ्या हौसेने तिथे नेतात. तिकिटावर हिशेब बांधून निघालेल्या अशा कुटुंबाला आत गेल्यावर उन्हात ताटकळायचे की आणखी पैसे भरायचे, एवढेच ठरवायचे उरते. यापुढे अशा लेखांत हे सारे जादा आकार धरून चौघांचा एका दिवसाचा पूर्ण खर्च द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, डोंबिवली