‘ॲज’ लिहिलं म्हणून शून्य?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात नातवाची इंग्रजीची चाचणी तपासून घरी आली. नववीत आहे तो. ‘कळसूबाई इज हायर दॅन साल्हेर’ हे वाक्य ‘पॉझिटिव्ह डिग्री’त, म्हणजे ‘हायर’ऐवजी साधं ‘हाय’ वापरून, करायचं होतं. त्यानं लिहिलं, ‘साल्हेर इज नॉट ॲज हाय ॲज कळसूबाई.’ त्यावर लाल फुली, पहिल्या ‘ॲज’च्या डोक्यावर ‘सो’, आणि गुण शून्य. एकतीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत मी हाच विषय शिकवला. ती फुली पाहून फार वाईट वाटलं. नकारार्थी वाक्यात ‘सो’च हवा, हा जुन्या व्याकरणपुस्तकांतला दंडक. आजच्या इंग्रजीत दोन्ही चालतात, उलट ‘ॲज’च जास्त आढळतो. पोराचं उत्तर बरोबर होतं. साल्हेर १,५६७ मीटर, कळसूबाई १,६४६ मीटर, भूगोलही बरोबर.

कमीपणाची तुलना आपण मुलांना वाक्य फिरवण्याच्या कसरतीपुरतीच शिकवतो, हे मला खुपतं. खरं तर इथं मराठीच हाताशी असते. ‘धाकटा थोरल्याइतका हट्टी नाही’ असं आपण घरात सहज म्हणतो. ‘थोरल्यापेक्षा कमी हट्टी आहे’ असं क्वचित. इंग्रजीचंही बरंचसं तसंच. ‘लेस टॉल’ म्हणणारा विरळा. तिथं ‘नॉट ॲज टॉल ॲज’, नाहीतर सरळ ‘शॉर्टर’. ‘लेस’ शोभतो तो ‘एक्स्पेन्सिव्ह’, ‘डिफिकल्ट’ अशा लांब विशेषणांपुढे. वर्गात मी आधी मराठी वाक्य म्हणून घ्यायचो. ‘इतका’ आला की सगळ्यांनी बाकावर थाप मारायची. मग इंग्रजी वाक्यात विशेषणाच्या मागं-पुढं दोन ‘ॲज’, दोन थापा. मागच्या बाकावरची पोरंही चुकत नसत.

‘लेस’ आणि ‘फ्यूअर’चीही तीच गत. आपल्याला ‘कमी’ एकच: पाणी कमी, बादल्याही कमी. इंग्रजीत पाण्याला ‘लेस’, बादल्यांना ‘फ्यूअर’, हे शिकवावंच. पण पैसा, अंतर, वेळ हे मोजता येत असूनही एकगठ्ठा धरून ‘लेस दॅन’ म्हणतात, हे कुणी सांगत नाही. मग मुलं ‘फ्यूअर दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज’ लिहितात. शिवाय हा नियम काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. नवव्या शतकात इंग्लंडातल्या राजा आल्फ्रेडनं शब्दांच्या संख्येसाठी ‘लेस’च वापरला होता. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर या लेखकानं इंग्रजी भाषेवरच्या पुस्तकात संख्येसाठी ‘फ्यूअर’ बरा वाटतो, असं आपलं मत मांडलं. पुढच्यांनी त्याचा कायदा केला. इंग्लंडात हा वाद अजून धगधगतो. थोड्या वस्तू घेणाऱ्यांच्या रांगेवरच्या ‘टेन आयटम्स ऑर लेस’ या पाटीवर बोट ठेवणारे इतके झाले, की २००८ मध्ये टेस्को या तिथल्या मोठ्या सुपरमार्केटच्या दुकानांत ‘अप टू टेन आयटम्स’ अशी पाटी लावायचं ठरलं.

नातू गेल्या हिवाळ्यात साल्हेर चढून आला तेव्हा म्हणाला, ‘आजोबा, कळसूबाईइतका उंच नाही, पण दम जास्त काढतो.’ चाचणीतलं वाक्य त्यानं त्याच अनुभवातून लिहिलं होतं. आता तो ‘नॉट’पाशी येऊन अडखळतो.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकांना कळकळीची विनंती आहे: उत्तरसूचीत ‘ॲज’ आणि ‘सो’ दोन्ही द्यावेत, आणि ‘ॲज’ लिहिल्याबद्दल ज्यांचे गुण कापले गेले, त्यांना ते परत मिळावेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सटाणा