हेम्स्कीची जर्सी धुऊन ठेवली आहे

एडमंटन,
१ मे २०१७

चि. ईशान यास,
बाबाचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज आला, "बाबा, ऐकलंस?" मी "हो, ऐकलं" एवढंच लिहिलं. मग तू विचारलंस, "तू परत कधीपासून बघायला लागलास?" त्याचं उत्तर मी दिलं नाही. फोनवर दोन ओळींत आटपण्यासारखं ते नव्हतं. आज कामावरून आलो, चहा घेतला आणि कागद घेऊन बसलो. आई म्हणाली, मराठीतच लिही, हळूहळू वाचेल पण वाचेल. लिहिल्यावर फोटो काढून पाठवतो, मूळ पत्र पोस्टाने येईल.

आधी कालचं, आपल्या एडमंटन ऑइलर्सच्या आइस हॉकीच्या मॅचचं. तू हॅलिफॅक्सला टीव्हीवर पाहिलंस, मी शेजारच्या आजोबांच्या बैठकीत. समोर अ‍ॅनाहाइमचा संघ, म्हणून पहिलं अमेरिकेचं राष्ट्रगीत. गायक ब्रेट किसेल उभा राहिला आणि माइक बंद. मला वाटलं आता शिट्ट्या सुरू होतील. त्याने हात वर करून लोकांना खूण केली आणि अख्ख्या रॉजर्स प्लेस स्टेडियमने गायला सुरुवात केली. दुसऱ्या देशाचं गीत, प्रतिस्पर्ध्याचं गीत, आणि शब्द न चुकता. आजोबांनी हातातला कप टेबलावर ठेवला, खुर्चीच्या हाताला धरून उठले आणि गायला लागले. मला त्यातली पहिली ओळ येते, पुढे नुसती चाल. मी चाल धरली. गळा दाटून आला होता, खोटं कशाला सांगू.

त्या क्षणी मला २००६ आठवलं. तुलाही तेच आठवलं असणार, म्हणून तर तू मेसेज केलास.

आपण इथे आलो २००४ च्या सप्टेंबरात. मालक आणि खेळाडूंच्या भांडणात तो सगळा सीझनच बुडाला, त्यामुळे आपला पहिला हिवाळा हॉकीशिवाय गेला. कारखान्यात डबा खाताना लोक हॉकीबद्दल बोलायचे ते घरातलं कोणी परगावी गेल्यासारखं. मी खडकीचा पोरगा. हॉकी म्हणजे मातीचं मैदान, घामेजलेली स्टिक, आमच्याच वस्तीतून वर गेलेला धनराज पिल्ले. बर्फावरचा हा प्रकार मला परका होता. तो आपलासा झाला तो तुझ्यामुळे. शाळेत सगळे तेच बोलतात म्हणून तू आठव्या वर्षी हट्टाने टीव्हीसमोर बसायचास, आणि मी नियम समजून घ्यायला तुझ्याशेजारी.

आज १ मे. बरोबर अकरा वर्षांपूर्वी याच तारखेला डेट्रॉइटविरुद्धची सहावी मॅच होती. आठवतंय ना? आपण आठव्या क्रमांकाने कसेबसे प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये, शिरलेले, ते पहिल्या क्रमांकाचे. शेवटच्या चार मिनिटांत अलेश हेम्स्कीने दोन गोल केले, ४-३. तू सोफ्यावरून उडी मारलीस, पायाने कोशिंबिरीचा वाडगा उडवलास, आणि आई रागावली नाही. दुसऱ्या दिवशी मी तुला ८३ नंबरची जर्सी आणून दिली. गुडघ्यापर्यंत येत होती. आपल्या गाडीच्या खिडकीला निळा झेंडा लागला. त्याच मे महिन्यात पॉल लोरिओने, तो चष्म्याचं दुकान चालवायचा आणि मॅचला राष्ट्रगीत गायचा, 'ओ कॅनडा' सुरू केलं, मध्येच थांबून माइक लोकांकडे धरला आणि उरलेलं गीत स्टेडियमने म्हटलं. ते ऐकताना आपण तिघंही उभे होतो. आपल्याला या देशाचं नागरिकत्व अजून मिळालं नव्हतं. पण त्या गावाचे आपण त्या रात्री झालो, असं मी आजही मानतो.

१९ जूनला कॅरोलायनाविरुद्ध सातव्या मॅचमध्ये स्टॅनले कप, म्हणजे विजेतेपदच, हातातून गेला. थोड्याच दिवसांत आपला बचावपटू प्रॉन्गर याने संघ सोडायचं म्हटलं आणि जुलैच्या सुरुवातीला तो अ‍ॅनाहाइमला गेला. तू रडलास. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. पुढची दहा वर्षं प्लेऑफ नाही. एकदाही नाही. इथले लोक त्याला अंधाराचं दशक म्हणतात. २०१०, २०११, २०१२, तीन वर्षं लागोपाठ ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपातली, पहिली निवड आपली, म्हणजे हरण्याचं बक्षीस दर वर्षी आपल्यालाच. प्रशिक्षक बदलत राहिले, तिकिटं महाग होत राहिली, आणि दर शरद ऋतूत तेच आश्वासन: संघ नव्याने उभा करतोय, धीर धरा.

मग २२ मार्च २०१४. कॅलगरीकडून घरच्या मैदानावर ८-१. शेजारच्या, कट्टर प्रतिस्पर्धी कॅलगरीकडून! प्रेक्षकांतल्या एका माणसाने आपल्या अंगावरची जर्सी काढून बर्फावर फेकली. आपला गोलरक्षक, म्हणजे गोली, बेन स्क्रिव्हन्स याने ती उचलली आणि परत प्रेक्षकांत भिरकावली. मी म्हटलं, बरोबर केलं त्या माणसाने. आणि तू, सोळाव्या वर्षात, म्हणालास, "बाबा, पण स्क्रिव्हन्सने काय केलं? दोन महिन्यांपूर्वी त्याने एकट्याने एकोणसाठ शॉट अडवले होते."

तुला गोली दिसला. मला जर्सी फेकणारा दिसला. मी टीव्ही बंद केला, महिनाअखेरीला खेळांच्या वाहिन्या बंद केल्या आणि सांगितलं की या घरात त्यांचं नाव नको.

ईशान, हे पत्र ज्यासाठी लिहितोय ते इथे आहे.

माझा राग खोटा नव्हता. आजही मी म्हणेन की प्रेक्षकांना दहा वर्षं गृहीत धरलं तर त्यांनी चिडायलाच हवं. पण मी संघाला शिक्षा करायला गेलो आणि ती भोगली तू. तू खाली तळघरात जाऊन कानाला इअरफोन लावून रेडिओवर मॅच ऐकायचास. मला जिन्यातून उजेड दिसायचा. मी एकदाही खाली आलो नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या पहिल्या निवडीची, म्हणजे गाजलेल्या तरुण मॅकडेव्हिडची, लॉटरी आपल्याला लागली तेव्हा तू धावत वर आलास. तोंडावर इतका आनंद मी तुझ्या दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता. आणि मी म्हणालो, "चार वर्षांनी हाही जाईल." तू काही बोलला नाहीस, परत खाली गेलास. त्यानंतर तू माझ्याशी हॉकीबद्दल बोलला नाहीस, कालपर्यंत.

त्या वसंतात माझी नोकरी गेली होती. तेल शंभर डॉलरवरून पन्नासच्या खाली आलं, आणि आमच्यासारख्या पाइप जोडणाऱ्यांना सगळ्यात आधी घरी पाठवलं. मी कुणावरही विश्वास ठेवायच्या अवस्थेत नव्हतो, अठरा वर्षांच्या मॅकडेव्हिडवर तर नाहीच. हे कारण आहे, समर्थन नाही. तुला तेव्हा हे सांगायला हवं होतं. घरातल्या ओढाताणीचं सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला काय सांगायचं, असं म्हणत मी गप्प राहिलो.

हे बंद करणं मी शिकलो कुठे, तेही सांगतो. १९८२ ला दिल्लीच्या एशियाडच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला ७-१ ने हरवलं. मी बारा वर्षांचा होतो. खडकीच्या घरात माझ्या वडिलांनी, तुझ्या आजोबांनी, रेडिओ बंद केला, त्यावर टॉवेल टाकला, आणि त्यानंतर घरात हॉकीचा शब्द काढायची सोय राहिली नाही. मी शाळेच्या संघात खेळायचो, तेही ते बघायला यायचे नाहीत. मला वाटायचं, मीच हरलो की काय. मग १९९८ चा डिसेंबर, बँकॉक, धनराज कर्णधार, कोरियाला हरवून बत्तीस वर्षांनी एशियाडचं सुवर्ण. तू चार महिन्यांचा होतास. आजोबा तुला कडेवर घेऊन गल्लीत गेले आणि येताना पेढ्यांचा पुडा घेऊन आले. माझ्या हातावर पेढा ठेवताना म्हणाले, "तू डावीकडून चांगला खेळायचास." सोळा वर्षांनी. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं, कुंपणाबाहेरून कुठून तरी. मला तेवढी वर्षं घालवायची नाहीत.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. २० एप्रिल, गुरुवार. सॅन होजेविरुद्धची पाचवी मॅच. त्याच्या आदल्याच मॅचला आपण ७-० ने हरलो होतो, म्हणून मी मनाशी म्हणत होतो, बघा, सांगितलं होतं. संध्याकाळी घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा फिल्टर बदलायला तळघरात गेलो. तुझ्या खोक्यात वरच तो निळा झेंडा, त्याची प्लॅस्टिकची दांडी मोडलेली, आणि खाली ८३ नंबर. कॉलरला अजून आमटीचा डाग आहे. मी तिथेच पायरीवर बसलो. तुझी ती जागा मी पहिल्यांदाच पाहिली. भिंतीवर तू पेन्सिलने प्रत्येक सीझनचे गुण लिहून ठेवलेत, हरलेल्या सीझनचेसुद्धा, एकही न गाळता.

तेवढ्यात दार वाजलं. शेजारचे आजोबा. म्हणाले, "माझ्याकडे टीव्ही आहे, सोबत नाही." आजी गेल्यापासून ते कुणाकडे येत-जात नाहीत, तुला माहीत आहे. त्यांचं सीझन तिकीट तीस वर्षांचं. तेही त्यांनी २०१४ लाच सोडलं होतं. मला हे त्या दिवशी कळलं. मधल्या कुंपणाच्या दोन बाजूंना आम्ही दोघे तीन वर्षं तोच राग घेऊन बर्फ उपसत होतो.

मी गेलो. ३-१ ने मागे होतो. मग ३-२, मग शेवटच्या तीन मिनिटांत क्लेफबॉमने बरोबरी केली. ओव्हरटाइममध्ये आजोबा एक शब्द बोलले नाहीत, फक्त गुडघ्यावर बोटं वाजवत होते. तो पिरियडही संपत आला आणि डेहार्नेने गोल केला. आजोबांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. बाहेर आलो तर गल्लीत गाड्यांचे हॉर्न सुरू. समोरची पंजाबी मुलं केशरी टी-शर्ट घालून बर्फाच्या चिखलात नाचत होती. मी तुला फोन करणार होतो. हातात फोन घेतलाही. पण तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, आणि खरं सांगायचं तर, तू "आता का?" असं विचारशील याची भीती वाटली.

आजोबांना मी तो प्रश्न विचारला. जिंकायला लागल्यावर परत आलो, हे बरं दिसतं का? ते म्हणाले, ऑगस्ट १९८८ मध्ये आपला सर्वांत मोठा खेळाडू ग्रेट्स्की याला लॉस एंजेलिसला विकलं तेव्हा मी बायकोसमोर शपथ घेतली होती की परत त्या स्टेडियममध्ये पाऊल टाकणार नाही. १९९० ला कप आला तेव्हा दोघंही रस्त्यावर होतो. तिने शपथेची आठवण करून दिली नाही, नुसती माझी टोपी सरळ केली.

तू मात्र परत आलेला नाहीस, कारण तू गेलाच नव्हतास. तू १६ व्या वर्षी जे पाहिलंस ते मला ४४ व्या वर्षी दिसलं नाही. हरणाऱ्या संघात एकोणसाठ शॉट अडवणारा माणूस असतो, आणि त्याच्यासाठी कुणीतरी टीव्ही सुरू ठेवायचा असतो. मला माफ कर. ज्या सीझनना तू एकटा होतास त्यातल्या मॅच मला सांग. तुला वेळ होईल तेव्हा, एकेक करून, भिंतीवरच्या क्रमाने. मी ऐकेन.

काल आपण हरलो, ६-३. तीन गोल मागे पडून बरोबरी केली आणि मग सुटलं. जुना मी असतो तर पहिल्या तीन गोलांनाच उठलो असतो. आता मालिका २-१ आहे, आपण पुढे आहोत. बुधवारी चौथी मॅच, इथेच. मी आजोबांकडे असेन. फोन स्पीकरवर ठेवतो. तुझं घड्याळ तीन तास पुढे, संपेस्तोवर तिकडे पहाट व्हायची, तेव्हा झोप आली तर सांगून झोप. झेंड्याची दांडी मी चिकटवली आहे, गाडीच्या मागच्या खिडकीला लावलाय. जर्सी आईने धुतली, डाग गेला नाही. तुला आता ती होणार नाही, पण पत्राबरोबर पाठवतोय. पार्सलमध्ये चिवडाही आहे, तो मित्रांना दे.

तुझा,
बाबा

ता. क. आजोबांना स्क्रिव्हन्सची गोष्ट सांगितली. ते विचारतायत, बुधवारी फोनवर तोच मुलगा असणार का? मी हो म्हटलंय.