पानथरी काढल्यानंतरचे कुणी सांगत नाही

संपादक महोदय,

पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी करावी आणि अहवालात ‘प्लीहेत गाठ’ अशी ओळ निघावी, असे हल्ली पुष्कळांचे होते. घरचे हादरतात. प्लीहा म्हणजे पानथरी, पोटात डावीकडे वर असणारा, जंतूंशी लढायला मदत करणारा अवयव. तिच्यातली सर्वांत नेहमी आढळणारी साधी गाठ रक्तवाहिन्यांची असते, हेमॅन्जिओमा. ती बहुधा २ सेंटिमीटरहून लहान असते, त्रास देत नाही आणि तो कर्करोग नव्हे. सीटी किंवा एमआरआयमध्ये तिचे रूप स्पष्ट दिसले, तर केवळ भीतीपोटी पानथरी काढू नये.

काही गाठी मात्र चकवतात. १९९१ मध्ये प्रथम वर्णन झालेला लिटोरल सेल अँजिओमा हा रक्तवाहिन्यांच्या गाठीचा प्रकार फक्त पानथरीतच होतो. त्यात बहुतेक वेळा अनेक गाठी असतात, पानथरी वाढते, रक्तातल्या प्लेटलेट घटू शकतात. अशा काही रुग्णांत शरीरात अन्यत्र कर्करोगही सापडला आहे, म्हणून त्यांची पूर्ण तपासणी व्हावी. स्कॅनवरून शंका फिटत नाही आणि रक्तस्रावाच्या धास्तीने सुईने तुकडा घ्यायला डॉक्टर कचरतात. मग पानथरी काढल्यावरच आम्हा पॅथॉलॉजिस्टांच्या सूक्ष्मदर्शकाखाली निदान होते. गाठ वाढती किंवा संशयास्पद असेल तर शस्त्रक्रिया हवीच. जमेल तिथे पानथरीचा निरोगी भाग राखावा.

माझी खरी तळमळ पुढची आहे. अहवाल न्यायला आलेल्या रुग्णांना मी लसींचे विचारी, तेव्हा कित्येकांना त्याचा पत्ताच नसे. पानथरी गेली की न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत जीव घेऊ शकतात. पानथरी काढलेल्या बाळांतल्या अशा जंतुसंसर्गाकडे १९५२ मध्येच अमेरिकेतल्या किंग आणि शूमाकर या डॉक्टरांनी लक्ष वेधले होते. हा धोका मोठ्यांनाही असतो आणि तो जन्मभर राहतो. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेच्या किमान २ आठवडे आधी द्यायच्या असतात. पुढे थंडी वाजून ताप आला, तर तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये, लगेच रुग्णालय गाठावे. मलेरिया आणि कुत्र्याचा चावाही अशा माणसाला अधिक घातक ठरू शकतो.

हे सारे डिस्चार्ज कार्डावर मराठीत, ठळक छापलेले असावे. शिवाय ‘पानथरी काढलेली आहे’ असे लिहिलेले, खिशात मावणारे कार्ड प्रत्येक रुग्णाला मिळावे. त्याला खर्च तो किती? आरोग्य विभागाने सरकारी आणि खासगी रुग्णालयांना तसा आदेश काढावा, ही विनंती.

– एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, सातारा